तुम्ही विचारलंत म्हणून: एका सहलीत शेती कळते का?

"नागपुरात राहून पाच-सहा वर्षांच्या मुलांना शेती कशी शिकवायची? एखादी सहल पुरेल ना?" मी बालवाडीत शिकवते, म्हणून पालक हे नेहमी विचारतात. सहल काढाच, पण एकाच बागेत वर्षातून तीनदा जा.

संत्र्याचंच घ्या. काटोल-कळमेश्वरकडच्या बागांमध्ये मुलांना फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेलं, तर झाडं फळांनी लदलेली दिसतात, पिशव्या भरतात, झालं. शेती म्हणजे आयता खाऊ, असंच मनात बसतं. तीच मुलं डिसेंबरात न्या. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा, धरायचा म्हणून बागेचं पाणी तोडलेलं असतं, पानं मलूल झालेली असतात. मुलं विचारतातच, "काका, झाडाला पाणी का नाही देत?" मग बागवान समजावतात, की ताण बसला की झाड फुलावर येतं. जानेवारीत पाणी सोडतात. फेब्रुवारीत गेलात तर अख्खी बाग फुलांच्या वासानं भरलेली असते, आणि त्या फुलाचं फळ तोडायला पुढचा ऑक्टोबर उजाडतो. मधे फळगळ होते, कधी गारपीट. तेही सांगा, गळलेली फळं हातात घेऊ द्या. लहान आहेत म्हणून त्यांच्यापासून नुकसान लपवणं मला पटत नाही. विदर्भातल्या मुलांपासून तर मुळीच नाही.

घरी कुंडीत बरबटी (चवळी) लावा, लवकर उगवते. कापसाचं विकतचं बियाणं मात्र मुलांच्या हातात देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. त्यापेक्षा पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, फुटलेलं बोंड आणा आणि सरकीपासून रुई त्यांनाच सोडवू द्या. किती चिवट काम आहे ते बोटांना कळतं.

तान्हा पोळा तर आपल्या नागपूरचाच. लाकडी नंदी सजवून घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला मुलं हौसेनं निघतात. पण आदल्या दिवशीचा मोठा पोळाही दाखवा. त्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात. जू घासून त्या खांद्यावर पडलेला घट्टा मुलांना दाखवा, जमलं तर हात लावू द्या.

बागेत जाण्याआधी फोन करा, नुकतीच फवारणी झाली असेल तर जाऊ नका. आणि संत्री फुकट मागू नका. विकत घ्या, पैसे मुलांच्या हातून द्या.