जँगो रीडायरेक्ट्स: देवनागरी पत्त्यांच्या घाटात गाडी बंद पडते

मार्ग: जुने देवनागरी पत्ते असलेली मराठी साइट ते नवे आकडी पत्ते, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कसोबत येणाऱ्या, जुन्या पत्त्यावरून नव्यावर धाडणाऱ्या रीडायरेक्ट्स ॲपवरून. मायग्रेशन आणि मिडलवेअर हाताखालचं आहे असं धरलंय.

सुरुवातीचा रस्ता सपाट. साइट्स आणि रीडायरेक्ट्स ही ॲप्स जोडा, साइट आयडी द्या, फॉलबॅक मिडलवेअर लावा, मायग्रेट करा. इंग्रजी पत्त्याची एक नोंद टाकली की ३०१ (कायमचं रीडायरेक्ट) लगेच मिळतो. फसगत होते ती इथंच, कारण उरलेले पत्ते एक्सेलमधून ओतले की सुटलो असं वाटतं.

ओतल्यावर सगळीकडे ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. नोंदीत ‘/लेख/पावसाळी-भाज्या-यादी/’, ब्राउझरच्या पट्टीतही तेच, काना-मात्रेचा फरक नाही. तरी जुळत नाही, कारण मिडलवेअर पूर्ण पत्ता पर्सेंट-एन्कोड करून (प्रत्येक बाइट ‘%E0’सारखा लिहून) घेतं आणि तो नोंदीशी जसाच्या तसा ताडतं. मग नोंदीच एन्कोड करून भरायच्या? रकाना २०० अक्षरांचा आहे. देवनागरीतली एकेक खूण, मग ती नुसती वेलांटी का असेना, एन्कोड झाली की ९ अक्षरं खाते. वरच्या पत्त्यात अशा २० खुणा, म्हणजे १८०. तीन तिरप्या रेषा, दोन जोडरेषा धरून १८५. शेवटी ‘-नवी’ जोडलं की २१३. पोस्टग्रेस तिथंच एरर देतो. एसक्यूलाइट मात्र मुकाट्यानं गिळतो, त्यामुळे लॅपटॉपवर चाललेलं सर्व्हरवर फुटतं.

बसलं तरी सुटका नाही. ताडताना क्वेरी स्ट्रिंगही, म्हणजे पत्त्यातला ‘?’नंतरचा भाग, धरली जाते. फेसबुकवरून आलेल्या लिंकला एफबीक्लिडची (फेसबुक जोडतं त्या खुणेची) शेपूट असते, की पुन्हा ४०४.

सरळ सांगायचं तर देवनागरी पत्ते असतील तर हे ॲप वापरूच नका. स्वतःचं टेबल आणि पंधरा-वीस ओळींचं मिडलवेअर पुरतं. रिस्पॉन्स ४०४ असेल तरच टेबलात बघायचं. शोधायचं रिक्वेस्टच्या पाथवरून, तो डीकोड झालेलाच मिळतो. क्वेरी स्ट्रिंग वेगळी काढून नव्या पत्त्याला जोडायची. लोकेशन हेडरचं एन्कोडिंग जँगो करतो. भरताना आणि शोधताना दोन्हीकडे एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी यूनिकोड रूपं एकसारखी करणं) करा, नाहीतर ‘दऱ्या’ अडकेल: त्यातला ‘ऱ’ कुणी एका खुणेत टाइप करतं, कुणी ‘र’ला नुक्ता लावून.

नवे पत्ते आकडीच बरे. शीर्षकावरून पत्ता बनवणाऱ्या जँगोच्या स्लगिफायला यूनिकोडची मुभा दिली तरी ते ‘पावसाळी’चं ‘पवसळ’ करतं.

पहिले काही दिवस ३०२च (तात्पुरतं रीडायरेक्ट) ठेवा. चुकीचा ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि वाचकाच्या मशीनवरचा कॅश तुम्हाला पुसता येत नाही. फॉर्म येणाऱ्या पत्त्यावर दोन्ही टाळा: ब्राउझर पोस्टचं गेट करतो, डेटा वाटेत सांडतो. जँगो ५.२ पासून रीडायरेक्टला ‘प्रिझर्व्ह रिक्वेस्ट’ द्या, मग ३०७ किंवा ३०८ जातो आणि पोस्ट पोस्टच राहतं.

प्रॉक्सीमागे एसएसएल रीडायरेक्ट चालू करण्याआधी सिक्युअर प्रॉक्सी हेडरची सेटिंग भरा, नाहीतर गोल गोल फिराल. आणि नव्या पत्त्याच्या शेवटची तिरपी रेषा नोंदीतच लिहा. ती राहिली तर जँगोची अपेंड स्लॅश सेटिंग आणखी एक ३०१ लावते.