तुम्ही विचारलंत म्हणून: शॉकअप कुठले टाकलेत?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर जेवणाचे डबे उतरवताना आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. "काकू, वॅगनार 2007 ची, मागे पन्नास डबे आणि आमटीचे कॅन, तरी स्पीडब्रेकरवर आवाज नाही, शॉकअप कुठले टाकलेत?" मी "साधेच आहेत हो" म्हणते आणि निघते, कारण साडेबाराच्या आत लिंक रोडने सातपूर गाठायचं असतं आणि तिथली माणसं भुकेली असली की फार बोलत नाहीत, नुसती बघतात. पण विचारणाऱ्यांतल्या एकाने परवा स्वतःच्या जुन्या गाडीचं नऊ-दहा हजारांचं एस्टिमेट मोबाईलवर दाखवलं, तेव्हा म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

तर खरं सांगायचं म्हणजे शॉकअप बदलून माझ्या गाडीचा आवाज गेलाच नव्हता. अठ्ठावीसशे रुपये गेले, आवाज जागच्या जागी.

आधी थोडं मागचं. 2022 ला गाडीला पंधरा वर्षं झाली, तेव्हा घरात सगळे म्हणत होते विकून टाक, येतील तेवढे घे. पण येणार होते किती, आणि त्यात दुसरी कुठली गाडी बसणार होती? त्याच वर्षी एप्रिलपासून जुन्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 600 वरून 5000 झाली होती, ती मी पेठ रोडच्या आरटीओत भरली, ग्रीन टॅक्स वेगळा, आणि पाच वर्षांचा कागद घेऊन आले. एवढे भरल्यावर ठरवलं की पाच वर्षं हिच्याकडून काम काढून घ्यायचंच. आणि त्याच पावसाळ्यात मागून आवाज सुरू झाला. खड्ड्यात चाक गेलं की "ढक", स्पीडब्रेकर उतरताना "ढक", आणि मधूनच एक बारीक "टिणटिण". आमटी सांडायला लागली ती पण तेव्हापासूनच, म्हणजे कॅनचं झाकण घट्ट असलं तरी वळणावर गाडीची मागची बाजू अशी लचकायची की कॅनच आडवा व्हायचा.

एका मोठ्या गॅरेजला दाखवली. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली, पाच मिनिटं टॉर्च मारला आणि शॉकअप, स्प्रिंगा, सगळं धरून चौदा हजार सांगितले. मी म्हटलं विचार करून सांगते. मग घराजवळच्या मेकॅनिककडे गेले, तो म्हणाला एवढं काही नाही, मागचे दोन शॉकअप टाकू, आवाज बंद. टाकले. तेच ते अठ्ठावीसशे. घरी येताना त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे पहिला खड्डा लागला आणि "ढक".

मी इतकी चिडले होते ना की जुने शॉकअप त्याच्याकडून मागून घेतले, अजून माळ्यावर आहेत. नंतर कळलं की त्यांना फारसं काही झालंच नव्हतं. तेलाचा थेंब नाही, हाताने दाबले-ओढले तर दोन्ही वेळा शेवटपर्यंत जोर लागतो, ओढताना जरा जास्तच, मध्ये कुठे मोकळं जात नाही. अंगावर नुसता किंचित तेलकटपणा असला तर घाबरायचं नसतं, पण तेल ओघळून त्यावर धुळीचा थर बसला असेल तर मात्र गेला समजायचा. टायरवरून तळहात फिरवून बघायचा, उंच-सखल लाटा लागत असतील तरी शॉकअपवर संशय घ्यायचा. माझ्या टायरला लाटा नव्हत्या. हे सगळं आधी माहीत असतं तर!

माझी गाडी बरी केली ती माझ्याच एका गिऱ्हाईकाने. अंबडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत, माझ्याकडचा बिनकांद्याचा डबा घेतात. डबा घेताना त्यांनी आवाज ऐकला आणि म्हणाले, "काकू, आधी डिकी रिकामी करा बरं." मी म्हटलं डबे तर उतरवलेत. म्हणाले, डबे नाही हो, सगळं. चटईखालचा जॅक, टॉमी (लोखंडी दांडी), पाना, माझी एक जुनी कढई (ती तिथे कशी आली मला खरंच माहीत नाही), सगळं बाहेर काढलं आणि एक चक्कर मारली. टिणटिण बंद! टॉमी क्लिपमधून निसटून पत्र्यावर वाजत होती. जुन्या टॉवेलात गुंडाळून परत ठेवली, खर्च शून्य. तेव्हापासून मी कोणालाही हेच सांगते की गॅरेजला जायच्या आधी डिकी पूर्ण रिकामी करून घराभोवती दोन चकरा मारा, डिकीचं लॉक हलतंय का, मागच्या सीटचा खटका नीट बसलाय का, सायलेन्सर लटकतो ते रबर तुटलंय का बघा, कारण यातलं काहीही "मागून आवाज येतो" मध्येच धरलं जातं आणि बिल शॉकअपचं फाटतं.

राहिलं ते ढक. त्यासाठी त्यांनी लांब टॉमी घेऊन मागच्या आर्मच्या टोकाला लावून दाबली आणि मला खाली वाकून बघायला लावलं. लोखंड चांगलं अर्धा बोट हलत होतं, आणि ज्याने ते धरून ठेवायचं ते रबर, ज्याला बुश म्हणतात, फाटून एका बाजूने बाहेर आलं होतं. आता हे मला जसं समजलं तसं सांगते. या जुन्या वॅगनारला मागे एक सरळ ॲक्सल आहे, दोन्ही चाकं त्याला. तो पुढे-मागे सरकू नये म्हणून दोन आर्म, आणि डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवी दांडी, जिचं एक टोक ॲक्सलला आणि दुसरं बॉडीला. आर्मचे चार बुश आणि दांडीचे दोन, असे एकूण सहा. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त स्प्रिंगचं नाचणं थांबवतो, त्यामुळे गाडी मागून बसली असेल तर नवा शॉकअप टाकून ती वर येत नसते, हे कोणी सांगत नाही. आणि बुश म्हणजे आपल्या कुकरची रिंग समजा, नवी असते तोवर मऊ, मग कडक, मग चिरा, आणि मग ज्याचं काम आवाज न करता धरून ठेवायचं तेच वाजायला लागतं. माझी गाडी वळणावर लचकायची ती त्या आडव्या दांडीच्या बुशमुळे.

सहा बुश तेराशेला मिळाले, द्वारकेच्या बाजूला पार्टची दुकानं आहेत तिथे. मेकॅनिकने बसवले. गाडी अशी शांत झाली की मला वाटलं काहीतरी पडलं रस्त्यात. आणि सातव्या महिन्यात परत ढक.

इथे खरी गोष्ट आहे, बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा. तो बुश म्हणजे आत एक लोखंडी नळी, बाहेर एक कडं, आणि मध्ये दोघांना चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जाम होते, आणि मग आर्म वर-खाली झाला की रबर पिळलं जातं, थोडं इकडे थोडं तिकडे, तेच त्याचं काम. आता मेकॅनिकने काय केलं, गाडी उचललेली, चाकं खाली लोंबकळलेली, त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळले. गाडी खाली आली, वजन बसलं, आर्म वर गेला, म्हणजे रबर उभ्या गाडीतच पिळलेलं. ओला टॉवेल पिळून तसाच गाठ मारून ठेवावा तसं. त्यात माझे पन्नास डबे, आणि 2027 च्या सिंहस्थासाठी शहरात चाललेली खोदाखोद. सात महिने टिकलं हेच नवल.

दुसऱ्यांदा मग त्या मेंटेनन्सवाल्यांनी रविवारी उभं राहून करून घेतलं. बोल्ट आधी हातानेच बसवले, गाडी चाकांवर उतरवली, दोनदा मागून दाबून हलवली आणि मग पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात, उतरून शेवटचं आवळलं. पिट नसेल तर ॲक्सलखाली जॅक लावून गाडी उभी असताना जेवढी बसते तेवढा ॲक्सल वर आणायचा आणि मग आवळायचं, पण तेव्हा बॉडीखाली स्टँड हवेतच, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणी खाली शिरू नये. मेकॅनिक वैतागेल, "मॅडम, आम्ही रोज करतो" म्हणेल. म्हणू द्या. ही दहा मिनिटं जास्तीची, मजुरीत शंभर रुपये वाढवून द्या हवं तर. माझे बुश त्यानंतर दोन पावसाळे काढून अजून शाबूत आहेत.

जुना बुश काढणं ही वेगळीच भानगड. पहिल्या वेळी बोल्ट नळीत गंजून असा बसला होता की मेकॅनिकने तो तापवायला सरळ गॅस आणायला पोरगा पाठवला. पेट्रोलची टाकी तिथेच, ब्रेकची पाईप तिथेच. मी म्हटलं माझी गाडी आहे, गॅस लावायचा नाही. मग डब्ल्यूडी फोर्टी (गंज सोडवायचा स्प्रे) मारून रात्रभर ठेवली, सकाळी परत मारलं, पाना थोडा घट्ट थोडा सैल असं करत करत निघाला. तुम्हाला करायचं असेल तर आदल्या दिवशीच सगळ्या बोल्टांवर मारून ठेवा. आणि बुश हातोडीने ठोकून बसवू देऊ नका, आर्म काढून लेथवाल्याकडे न्या, तो प्रेसवर दाबून काढतो आणि दाबूनच बसवतो. सातपूर-अंबडला असे वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत, माझ्याकडून चारशे घेतले. काढायच्या आधी जुन्या बुशची दिशा आर्मवर रंगाने खूण करून घ्यायची, काही बुशना सरळ-उलट असतं.

म्हणजे नीट केलं असतं तर बुश तेराशे, प्रेस चारशे, मजुरी बाराशे, एकोणतीसशेत विषय संपला होता. मला दोनदा करावं लागलं आणि वर शॉकअप, म्हणून साडेआठ हजारांच्या पुढे गेलं. तरी चौदापेक्षा कमीच, पण त्यात माझी हुशारी नाही, नशीब.

स्प्रिंगांचं विचाराल तर मी बदलल्या नाहीत. टेप घेऊन सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून वर चाकाच्या कमानीपर्यंत दोन्हीकडे मोजलं, गाडी रिकामी, हवा सारखी. सारखं भरलं. एका बाजूने कमी भरलं असतं किंवा एखादा वेढा तुटलेला दिसला असता तर जोडीने बदलल्या असत्या, एकच कधी बदलत नाहीत, शॉकअपचंही तसंच. दुकानात स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबराचे तुकडे मिळतात, गाडी वर येते म्हणून विकतात. येते वर, पण ते वेढे कामातून गेल्यासारखेच, सगळा भार उरलेल्यांवर, आणि गाडी बैलगाडीसारखी आदळते. मला नाही पटत. आमच्या शेजाऱ्यांनी जुन्या गाडीला बाहेरून सीएनजी बसवून घेतला, टाकी एकटीच पन्नास-साठ किलोची, मग गाडी मागून बसली म्हणून हे रबर घातले. कंपनीतूनच सीएनजी आलेल्या गाडीला मागचं सस्पेन्शन त्या वजनाच्या हिशोबाने दिलेलं असतं, बाहेरून बसवताना ते कोणी बघत नाही. त्यांनी जरा कडक स्प्रिंगा टाकायला हव्या होत्या. पण ते मला विचारत नाहीत, माझ्याकडून फक्त पुरणपोळी नेतात.

भंगारातून आर्म घेतला तर चालतो, वाकलेला नसेल तर, बुश मात्र नवे प्रेस करून. भंगारातला शॉकअप फुकट दिला तरी घेऊ नका. आत तेल असतं, पिस्टनच्या बारीक भोकांतून ते ढकललं जातं आणि त्यातच सगळा धक्का जिरतो, म्हणून तर खराब रस्त्यावर चालवून आल्यावर शॉकअप गरम लागतो. गॅसवाला म्हणतात त्यात नायट्रोजन भरलेला असतो, तेलाला ताकासारखा फेस येऊ नये म्हणून. वापरलेल्यात यातलं किती शिल्लक आहे ते बाहेरून कोण सांगणार? ब्रँड तुम्ही विचारता तर माझे गॅब्रिएलचे आहेत, त्यांचा एक कारखाना आपल्या नाशिकलाच आहे, पण मी त्यासाठी घेतले नाहीत, दुकानात त्या दिवशी तेच होते.

हां, एक राहिलं. बुशचं काम झाल्यावर टायरच्या दुकानात "मागचं अलाइनमेंट पण करून घ्या" म्हणाले. या सरळ ॲक्सलला मागे चाकांची दिशा फिरवायला काही स्क्रूच नाही, काय करणार होते? मी पुढचं तेवढं करून घेतलं. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, वजनासाठी वेगळा दिलेला असेल तर तो भरते. कॅन पूर्वी सगळे डाव्या बाजूला ठेवायचे, दार तिकडून उघडायला सोपं म्हणून, आता दोन्हीकडे वाटून आणि सीटला टेकवून ठेवते.

गेल्या आठवड्यापासून मागून एक घुंघुं येतंय, खड्ड्याशी संबंध नाही, स्पीड वाढला की वाढतं. ते बेअरिंग असणार, मेंटेनन्सवाले म्हणालेत रविवारी चाक उचलून फिरवून बघू. डबे नसतात त्या दिवशी. ज्यांनी एस्टिमेट दाखवलं त्यांनी पण गाडी घेऊन या तेव्हाच, पिट मोकळा असतो. फक्त डिकी रिकामी करून या.