पाने एकशे वीस, पण ओळी किती?

गेल्या रविवारी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणारी एक विद्यार्थिनी आपली वही घेऊन नाशिकला माझ्या घरी आली. निफाडजवळच्या घरच्या द्राक्षबागेत भुरी या बुरशीजन्य रोगावरील दोन औषधांची तुलना तिने केली होती. प्रत्येक औषधासाठी ६ वेली आणि वेलीमागे २० पाने, म्हणजे गटागणिक १२० पाने होती. प्रत्येक पानाचा किती भाग भुरीने व्यापला आहे, हे तिने भिंगाखाली पाहून टिपले होते. दोन सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या टी-चाचणीचे पी-मूल्य, म्हणजे औषधांत फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०१ पेक्षाही कमी आले होते.

पण ही चाचणी प्रत्येक पान स्वतंत्र मानते, आणि एका वेलीवरची पाने तर सख्खी भावंडे असतात. त्यांची मुळे, पाणी आणि सावली एकच असते. त्यांच्यातील सहसंबंध, म्हणजे सारखेपणा, ०.३ धरला, तरी सरासरीचे विचरण, म्हणजे तिच्या अनिश्चिततेचे माप, १ + १९ × ०.३ म्हणजे ६.७ पट फुगते. मग १२० पानांचे मोल जेमतेम १८ स्वतंत्र पानांइतके उरते आणि खरी प्रमाण त्रुटी (विचरणाचे वर्गमूळ) वहीतल्या त्रुटीच्या सुमारे २.६ पट निघते. म्हणून आम्ही आधी वेलीगणिक सरासरी काढली. आता ६ विरुद्ध ६ अशी तुलना होती, स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे चाचणीच्या हाती असलेल्या स्वतंत्र माहितीची संख्या, २३८ ऐवजी १० झाल्या आणि ५ टक्के पातळीसाठी टी-मूल्याचा उंबरठा १.९७ वरून २.२३ वर गेला.

एवढ्यावर भागेल असे वाटत होते, पण मी विचारले, "फवारणी कशी केली?"

"सर, बाबांनी ब्लोअरने एका ओळीला एक औषध मारलं आणि पलीकडच्या ओळीला दुसरं."

म्हणजे औषध पानाला नव्हे, वेलीलाही नव्हे, तर ओळीला दिले होते, आणि ओळी होत्या दोनच. दोन ओळींतला फरक औषधाचा की जमिनीच्या उताराचा, हे कोणतेही सूत्र सांगू शकत नाही. परिस्थितिवैज्ञानिक स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली परिस्थितिविज्ञानातील १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले, तेव्हा अनुमानात्मक चाचण्या वापरणाऱ्यांपैकी ४८ टक्के अभ्यासांत हीच चूक आढळली. वैद्यकीय संशोधनातही ती पावलोपावली भेटते: ४० रुग्णांचे ८० डोळे स्वतंत्र धरले जातात किंवा पाण्यातून औषध दिलेल्या एकाच पिंजऱ्यातले ५ उंदीर ५ वेगवेगळे पुरावे मानले जातात.

यात त्या मुलीचा दोष मला दिसत नाही. आपण वर्गात सूत्रे पाठ करून घेतो, परंतु औषध नेमके कोणाला दिले हा पहिला प्रश्न विचारायला शिकवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वहीच्या शेवटच्या पानावर तिने बागेचा नकाशा काढला. ऑक्टोबर छाटणीनंतर १२ ओळी घ्यायच्या, औषधाचा फवारा शेजारी उडू नये म्हणून दोन ओळींमध्ये एक ओळ सोडायची आणि कोणत्या ओळीला कोणते औषध हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, असे पक्के झाले. ओळीमागे मोजकीच पाने पुरतील असे मी म्हणालो, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. ती २४० पाने पाहायला तिला नऊ दिवस लागले होते.