अंबाजोगाईत, वाकळेवर धावणाऱ्या बाया

अंबाजोगाईला लोक योगेश्वरीच्या दर्शनाला येतात, मुकुंदराजांच्या समाधीला जातात. मी लातूरहून एसटीने निघाले ती चित्रं बघायला. बर्दापूरच्या आसपास शेजारच्या मावशींनी विचारलंच, "देवीला नाही जायचं का?" जाईन की, म्हटलं. आधी प्रदर्शन.

एका कॉलेजच्या हॉलमध्ये ते मांडलं होतं. विषय बायका आणि लांब पल्ल्याचं धावणं. अर्धी चित्रं महिला दिनाच्या बॅनरवर असतात तशीच: तुटलेल्या बेड्या, पंख, मशाल. नऊवारीत बारामतीची मॅरेथॉन धावलेल्या लता करे तर तीन-चार भिंतींवर होत्या, आणि प्रत्येक चित्रात मागे आजारी नवरा. नवऱ्याच्या उपचारासाठी धावली म्हणून आपण तिला डोक्यावर घेतलं. हौसेनं धावली असती तर घेतलं असतं का, कोण जाणे.

पण शेवटच्या भिंतीवर एक वाकळ टांगली होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून, धावदोरा घालून शिवलेली. तिथून माझा पाय निघेना. डाव्या कोपऱ्यात १९२८चं ॲम्स्टरडॅम ऑलिंपिक. बायकांची ८०० मीटरची शर्यत जर्मनीच्या लीना राडके यांनी २ मिनिटं १६.८ सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत जिंकली. वर्तमानपत्रांनी मात्र बाया कशा कोसळल्या तेच रंगवून छापलं आणि ती शर्यत बंद झाली. १९६०पर्यंत. वाकळेवर ही बत्तीस वर्षं म्हणजे नुसतं कोरं पांढरं कापड, हातभर लांब.

पुढे झुडपात दडलेली एक आकृती. ही बॉबी गिब. १९६६ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बाईला प्रवेश नव्हता, म्हणून झुडपाआड थांबून ती घोळक्यात शिरली आणि पूर्ण अंतर धावली. ती शिल्पकारही आहे. १९८४च्या अमेरिकन ऑलिंपिक निवड चाचणीत पहिल्या तिघींना दिलेल्या धावत्या मुलीच्या ब्राँझच्या मूर्ती तिनेच घडवल्या. त्यांतली एक मिळवणारी जोन बेनॉइट त्याच वर्षी लॉस एंजेलिसला ऑलिंपिकची पहिली महिला मॅरेथॉन जिंकली: ४२.१९५ किलोमीटर, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंद. तिच्यासाठी वापरलेला तुकडा हिरव्या इरकलीचा होता, काठासकट!

वाकळेजवळ माहिती सांगायला उभी असलेली मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. भरतीत गोळाफेकीसोबत गुणांसाठी धावणंही असतं: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. म्हणजे ट्रॅकच्या दोनच फेऱ्या. राज्याच्या लांब पल्ल्याच्या नकाशावर बीड जिल्हा धावपटू अविनाश साबळेने ठळक केला. त्याच जिल्ह्यातल्या मुलींना अजून १९२८चंच अंतर दिलं जातं, हे मला खटकलं आणि मी तसं बोलून दाखवलं.

"ताई, ग्राउंडला आठशेच असतंय," ती म्हणाली. "पण सकाळी आम्ही सोळाशेच मारतो, पोरांसंगच. मग आठशे काहीच वाटत नाही."

मग वाकळेकडे वळून तिनेच विचारलं, "ह्या राडकेबाईंचं टायमिंग किती म्हणलात?"

मी सांगितलं.

"वीसपैकी वीस पडले असते की ओ त्यांना." थोडा विचार करून पुढे, "गोळा कसा फेकायच्या?"