तिसरं वळण चढलो, पण मागचं उजवं चाक अजून हवेत

चढली! तीन खेपा माघार घेतल्यावर काल सकाळी गाडी तिसऱ्या वळणावरून वर निघाली आणि डोंगराच्या धारेवरून जाणारा तो मातीचा रस्ता पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. दोन्ही बाजूंना दरी, खाली धुकं, मधोमध गाडीच्या रुंदीएवढी तांबडी पट्टी. इंजिन बंद करून अर्धा तास नुसता बसून राहिलो.

चढणीखालच्या पन्हळीच्या पट्ट्यात, म्हणजे जिथे रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडल्यात तिथे, नवं काही नाही. फक्त एक दुरुस्ती: त्या आडव्या लाटा गाड्यांच्या स्प्रिंगांमुळे पडतात असं मी आधी लिहिलं होतं, ते चूक. तबेर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन यांनी २००७ साली वाळूवर साधं चाक फिरवून दाखवलं की ठरावीक वेगाच्या वर गेलं की लाटा उठतातच, स्प्रिंग असो वा नसो.

आता चढण. चाकोऱ्या तिरक्या कापत गेल्यात, त्यामुळे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम हलकं होतं. ओपन डिफ (एका आसावरच्या दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटणारा साधा डिफरन्शियल) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतो; हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच किरकोळ टॉर्क मिळतो. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा कमी वेगाचा गिअर) टाकूनही गाडी जागची हलत नाही, आणि रेस वाढवली तर हलकं चाक फिरून खड्डा आणखी खोल करतं. तिन्ही वेळा हेच झालं होतं.

खरा चोर निघाला गेज, म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब मोजणारं मीटर. टायर मऊ होऊन पकड मिळावी म्हणून कॉम्प्रेसरला जोडून आलेल्या गेजवर बघून मी २० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं एकक) हवा उतरवत होतो. काल सहज पेनासारखा साधा गेज लावला, तर २६! मित्राकडच्या डिजिटल गेजनेही २६ च दाखवलं. म्हणजे इतके दिवस मी कडक टायरवरच झगडत होतो. कॉम्प्रेसरसोबत येणाऱ्या गेजवर यापुढे माझा विश्वास नाही. वेगळा गेज घ्याच. आणि मोजायचं ते टायर थंड असताना. तापमान साधारण ५.५ अंश सेल्सिअस वाढलं की एक पीएसआय चढतो, त्यामुळे गरम टायरवर उतरवलेली हवा थंड झाल्यावर आणखी कमी भरते.

चारही टायर खरोखरच्या १८ वर आणले. (साध्या रिमवर १५ च्या खाली मी जात नाही, वळणात टायर रिमवरून सुटू शकतो.) मग चढण दोनदा पायी चाललो. चाकोरीत उतरायचंच नाही असं ठरवलं: डावी चाकं मधल्या उंचवट्यावर, उजवी बाहेरच्या काठावर. सर्वांत खोल खड्ड्यात चपटे दगड रचले. काम झाल्यावर ते होते तिथे परत ठेवले. मित्र समोर उभा राहून हातानं इशारे देत होता. पहिला गिअर, एकसारखी रेस. टायर दगडाला अक्षरशः लपेटून घेत होते, आधी जिथे खडी उडायची तिथे आवाजसुद्धा नाही.

शेवटच्या पायरीवर मात्र मागचं उजवं चाक उचललंच. डाव्या पायानं ब्रेक हलकासा दाबून धरला, तेव्हा फिरणाऱ्या चाकाला अडथळा मिळाला आणि त्याच आसावरच्या डाव्या चाकाला जोर आला. सुटलो, पण दरवेळी ब्रेक पॅड तापवून चढायचं मला पटत नाही.

म्हणून मागे लॉकर (आसाची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा भाग) बसवायचं जवळपास पक्कं केलं होतं. पण हे लिहिता लिहिताच आठवलं, पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी) जोडलेलाच आहे! चाकं वरखाली व्हायला तोच आडवा येत असणार. त्याच्या लिंक (दोन्ही टोकांच्या जोडदांड्या) सोडून बांधून ठेवायला दोन पाने पुरतात, आणि चढणीपुरतंच तर करायचंय. आधी एका बाजूचं चाक दगडावर चढवून, लिंक लावून आणि सोडून, चाक किती खाली येतं ते टेपनं मोजतो. लॉकरचा विचार त्यानंतर. रस्ता नीट वाळेपर्यंत मात्र थांबणार. ओल्या मातीत गेलो तर चाकोऱ्या आपणच आणखी खोल करू.