केसपेपर लिहायच्या आधी

नाशिक, नोव्हेंबर. रात्रपाळी संपली.

अपघात विभागाच्या दारात लेकरू आलं की आपला हात आधी थर्मामीटरकडे जातो. ही खोड मोडायला हवी. १०३ ताप असलेलं पण आईचं मंगळसूत्र ओढत खेळणारं पोर थोडं थांबू शकतं. ९९ ताप असलेलं, सुई टोचली तरी हात मागे न घेणारं पोर थांबू शकत नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मात्र कसंही दिसो, रांगेत पुढेच. त्याचं अंग गार पडणं तापाइतकंच वाईट.

म्हणून आधी नजर. बाळ आईच्या मांडीवरच असू द्यायचं, स्टेथोस्कोप गळ्यातच राहू द्यायचा. आपल्याकडे बघतंय का, आईनं घेतल्यावर शांत होतंय का, मान टाकलीय का? मग आईलाच कपडे वर करायला सांगायचं. सध्या पेठ-सुरगाण्याकडून येणारी बाळं कुंची, दोन स्वेटर आणि वर गोधडीत असतात. निम्मा आजार त्या गोधडीत लपतो. बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल, किंवा श्वास सोडताना दर वेळी कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर केसपेपर नंतर, ऑक्सिजन आधी.

श्वास मोजायचा तो पुरता एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणं ही शुद्ध फसवणूक आहे. तान्ही बाळं मध्येच थांबून श्वास घेतात. रडत असताना मोजलेला आकडा लिहूच नये. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद. आणि ७० वरून ३० वर आला म्हणून हायसं वाटून घेण्याआधी चेहरा बघा. दमलेलं लेकरूही श्वास कमी घेतं.

मग हात. तळवे गार आहेत का, नाडी बारीक आणि धावती आहे का? अंगठ्याचं नख तीन सेकंद दाबून सोडायचं. रंग परतायला तीनपेक्षा जास्त सेकंद लागले तर रक्ताभिसरण ढासळतंय. पण निफाडच्या थंडीतून उघड्या गाडीवर आणलेल्या पोराचं नख सगळ्यांनाच फसवतं. अशा वेळी छातीच्या मधल्या हाडावर दाबून बघायचं. बीपी चांगलं आलं म्हणून निर्धास्त होऊ नये. लहान मुलांमध्ये ते अगदी शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं.

जुलाबाच्या बाळाचे डोळे खोल गेलेत का, हे काजळामुळे कळत नाही. आईलाच विचारायचं, ‘रोज असेच दिसतात का गं?’ पोटाची चिमटी बेंबी आणि कुशीच्या मध्ये, उभी घ्यायची. दोन सेकंदांनंतरही घडी तशीच राहिली तर पाणी फार कमी झालंय. कुपोषित मुलात मात्र ही चिमटी खोटं बोलते. तिथली कातडी एरवीही सैलच असते. मलूल किंवा झटके आलेल्या पोराची साखर तिथल्या तिथे बघायची. ४५ मिग्रॅ/डेलीच्या खाली, कुपोषित असेल तर ५४ च्या खाली असेल तर शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं पाणी), वजनाच्या किलोला ५ मिली.

या महिन्यातल्या दोन फसव्या गोष्टी. एक, डेंग्यू. ‘कालपासून ताप उतरला, पण पोरगं गळालंय’ हे वाक्य ऐकलं की कान टवकारायचे. तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतानाच रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. पोट दुखतंय, उलटी थांबत नाही, तळवे गार, बीपीच्या दोन आकड्यांत २० किंवा त्याहून कमी अंतर, हे सगळं तेव्हाचं. दुसरी, द्राक्षबागेतली फवारणी. ऑक्टोबर छाटणीनंतर औषधाचे डबे घराच्या ओट्यापर्यंत येतात. छातीत घरघर आणि लाळ बघून ‘कफ झालाय’ म्हणून बाळ मागे बसवलं जातं. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी असेल आणि कपड्याला औषधाचा वास असेल, तर तो कफ नाही, फवारणीच्या औषधाची विषबाधा आहे. हातमोजे घालून कपडे काढा, अंग साबणानं धुवा, आणि तोवर डॉक्टरला ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा) घेऊन बोलवा.

आणि बाकावर बसवलेली मुलं. रांगेतला नंबर लागला त्या मिनिटापुरताच तो खरा. दर पंधरा-वीस मिनिटांनी बाकावरून एक चक्कर मारायची. आधी रडत होतं आणि आता गप्प झालंय, त्याच्यापाशी आधी थांबायचं.