दुधाळ सीरम आणि स्वादुपिंडाचे दुखणे

लिपिड प्रोफाइलचा अहवाल हातात पडला की बहुतेकांची नजर आधी एकूण कोलेस्टेरॉलवर आणि मग एलडीएलवर जाते, आणि हृदयविकाराची धास्ती पाहता ते स्वाभाविकही आहे. त्याच कागदावर ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तातील एका प्रकारच्या चरबीचीही एक ओळ असते. तिच्यासमोर २५० किंवा ३०० असा आकडा दिसला, तर ‘थोडे वाढले आहे, तेलकट कमी करा’ एवढ्यावर विषय मिटतो. लहान शहरात पॅथॉलॉजी लॅब चालवताना या ओळीची मला जी काळजी वाटत आली आहे, ती हृदयापेक्षा स्वादुपिंडासाठी अधिक आहे. कारण हा आकडा चार अंकी झाला तर तो धडधाकट माणसाला थेट आयसीयूत नेऊ शकतो, आणि तो चार अंकी झाला आहे हे पुष्कळदा तोवर कोणाच्या गावीही नसते.

उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात दर डेसिलीटरला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी ट्रायग्लिसराइड असणे योग्य मानतात, तर ५०० च्या पुढचे प्रमाण अतिशय जास्त समजले जाते. ते १,००० च्या वर गेले की स्वादुपिंडाला अचानक तीव्र सूज येण्याचा धोका साधारण ५ टक्के धरला जातो आणि २,००० च्या पुढे तो १० ते २० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या कारणांमध्ये पित्ताशयातील खडे आणि दारू यांच्यानंतर रक्तातील या चरबीचाच क्रमांक लागतो. दुधाळ सीरम (सीरम म्हणजे रक्तपेशी वेगळ्या केल्यावर उरणारा द्रव) आणि हा आजार यांचा संबंध १८६५ सालीच नोंदवला गेला होता, म्हणजे ही माहिती काही नवी नाही. आपल्याकडे ‘आयसीएमआर-इंडियाब’ या मधुमेहविषयक राष्ट्रीय पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. तिचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, तपासलेल्या प्रौढांपैकी सुमारे ३० टक्के लोकांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले होते. यांतील बहुतेकांना स्वादुपिंडाची भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु मूळचा असा वाढता कल असलेल्या माणसाला अनियंत्रित मधुमेह, दारू किंवा एखादे औषध यांची जोड मिळाली, तर २५० चे २,५०० व्हायला फारसा अवधी लागत नाही.

जेवणातील चरबी आतड्यातून शोषली गेली की कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या कणांमधून रक्तात येते. हे कण फोडून रिकामे करणारी यंत्रणा अपुरी पडली, तर ते रक्तात साचत जातात, रक्त दाट होते आणि स्वादुपिंडातील सूक्ष्म केशवाहिन्यांमधून ते नीट वाहत नाही. चरबी पचवणारे लायपेज हे विकर (एन्झाइम) स्वादुपिंडातच तयार होत असल्यामुळे तेथे साचलेल्या ट्रायग्लिसराइडचे विघटन जागीच होते आणि मोठ्या प्रमाणात मुक्त मेदाम्ले सुटतात. रक्तातील अल्ब्युमिन त्यांना बांधून ठेवते, पण त्यालाही मर्यादा आहे. त्यापलीकडची मेदाम्ले पेशींना आणि केशवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. पुढे स्वादुपिंडातील पाचक विकरे आतल्या आत कार्यरत होऊन त्या अवयवावरच चालून जातात.

लॅबमध्ये हा प्रकार डोळ्यांना दिसतो. रक्त वेगाने फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रातून काढलेल्या नळीत तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळे, पारदर्शक सीरम राहते. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असले तर त्या जागी दूध ओतल्यासारखा पांढरा द्रव दिसतो, आणि नळीच्या मागे धरलेली छापील चिठ्ठी वाचता येत नाही. ते सीरम रात्रभर फ्रिजमध्ये उभे ठेवले की कायलोमायक्रॉन वर येऊन त्यांची जाड साय धरते. या पांढरेपणामुळे यंत्रेही फसतात. हिमोग्लोबिन खोटेच जास्त येते, काही पद्धतींमध्ये सोडियम खोटेच कमी येते, आणि सर्वांत घातक म्हणजे स्वादुपिंडातील ज्या अमायलेज या विकराच्या भरवशावर स्वादुपिंडाचे निदान करायचे, तेच सामान्य दिसू शकते.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एका तरुणाचे रक्त तपासायला आले. बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत घुसणारी कळ, थांबत नसलेल्या उलट्या आणि पुढे वाकून बसल्यावरच मिळणारा थोडासा आराम, अशी त्याची तक्रार होती. घरच्यांच्या मते सगळे ॲसिडिटीमुळे होते. अमायलेज सामान्य आले, पण सीरम पांढरेशुभ्र होते. डॉक्टरांना लगेच फोन करून लायपेज तपासले, तर ते सामान्य मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. सीरम पातळ करून मोजलेले ट्रायग्लिसराइड चार अंकी होते आणि साखर ४०० च्या आसपास होती. त्याला मधुमेह आहे हे त्या दिवशीच समजले. पुन्हा रक्त घेताना त्याच्या कोपरांवर आणि दंडांच्या मागच्या बाजूला बारीक पिवळसर पुटकुळ्या दिसल्या, ज्यांना घरचे इतके दिवस घामोळे समजत होते. त्या त्वचेत साठलेल्या चरबीच्या होत्या.

निदानासाठी पोटातील विशिष्ट वेदना, अमायलेज किंवा लायपेज सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक असणे आणि सीटी स्कॅनसारख्या तपासणीत सूज दिसणे, या तिन्हींपैकी दोन गोष्टी पुरेशा असतात. उपचारांचा पाया म्हणजे शिरेतून पुरेसे द्रव देणे आणि वेदनाशमन. साखर वाढलेली असल्यास इन्सुलिनची ड्रिप दुहेरी काम करते, कारण इन्सुलिनमुळे ट्रायग्लिसराइड फोडणारे विकरही अधिक कार्यक्षम होते. मात्र त्या काळात साखर आणि पोटॅशियम यांवर बारीक लक्ष ठेवावे लागते. प्लाझ्मा बदलण्याची महागडी प्रक्रिया निवडक गंभीर रुग्णांसाठी वापरली जाते, पण ती प्रत्येकाला केलीच पाहिजे असे म्हणण्याइतका पुरावा नाही, हे नातेवाइकांनी समजून घ्यावे.

खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. ट्रायग्लिसराइड कमी करणारी फेनोफायब्रेटसारखी औषधे, मधुमेहावर नियंत्रण आणि दारू कायमची बंद, हे तर आहेच. पण पथ्याबाबत आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. लोक साजूक तूप सोडतात आणि गोड चहा, आमरस, शीतपेये चालू ठेवतात, जेव्हा यकृत याच साखरेतून ट्रायग्लिसराइड तयार करत असते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाल्ली जाते. तिच्यात पिष्ट, शेंगदाण्याचे कूट आणि तूप अशा तिन्ही गोष्टी एकाच ताटलीत येतात. आकडा १,००० च्या वर असेल तर ‘चांगले तेल’ आणि ‘वाईट तेल’ हा भेद फारसा कामाचा नसतो. कूट, ओले खोबरे, तीळ यांसह एकूण चरबीच मोजावी लागते.

ज्यांच्यात चरबी फोडणारे विकर जन्मतःच काम करत नाही, त्यांचे दुखणे वेगळे असते. हा दोष दोन्ही पालकांकडून आला तरच आजार होतो, त्यामुळे आतेमामे भावंडांत लग्ने होणाऱ्या कुटुंबांमध्ये त्याची शक्यता वाढते. अशा मुलांना दिवसभरात १५ ते २० ग्रॅमच्या आत चरबी ठेवावी लागते. या विकारासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये ओलेझार्सेन या इंजेक्शनला मान्यता मिळाली, ही मला फार दिलासा देणारी बातमी वाटली.

मधुमेह, थायरॉइडची कमतरता किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, मानसिक आजारासाठी ओलान्झापिन किंवा क्लोझापिन, स्टेरॉइड अथवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ट्रायग्लिसराइडची तपासणी डॉक्टरांना विचारून वेळोवेळी करावी, पण औषध स्वतःहून बंद करू नये. ज्या स्त्रीचे ट्रायग्लिसराइड आधीपासून वाढलेले आहे, तिने गरोदरपणाच्या सुरुवातीलाच ते डॉक्टरांना सांगावे, कारण शेवटच्या तिमाहीत ते आणखी वर चढते.

एक गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. तोंडाने खाणे थांबले की हा आकडा एकदोन दिवसांतच झपाट्याने खाली येतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीत कारण हाती न लागता रुग्ण ‘कारण अज्ञात’ या शेऱ्यानिशी घरी जाऊ शकतो. म्हणून स्वादुपिंडाला सूज आहे असे समजताच पहिल्याच दिवशीच्या नमुन्यावर ट्रायग्लिसराइड तपासले आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. आमच्याकडे अशा रुग्णाचे पहिले सीरम आम्ही फ्रिजमध्ये जपून ठेवतो आणि ते दुधाळ असल्यास तशी नोंद अहवालावर करतो.